प्रयागबाईचा फिका चहा

किन्हीराजात जगदेवभाऊला दिवसाकाठी अकरा कप चहा व्हायचा, आणि त्यातला एकही तो स्वतःहून मागायचा नाही. खरी भानगड तिथंच होती. बैल घ्यायचा असला की लोक दात पाहायला त्यालाच नेत, शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून भावाभावांत जुंपली की त्यालाच बोलावत. ज्याच्या वट्ट्यावर तो टेकला, त्याच्या चुलीवर चहाचा गंज चढलाच म्हणून समजा. चहाही त्याचा ठरलेला. म्हशीचं दूध, पाणी नावाला, अन् साखर एवढी की वाळल्या बशीला माशी चिकटून मरावी. कपातून पिणं त्याला जमत नसे. बशीत ओतायचा, अन् असा ओढायचा की चार घरांना कळावं, भाऊ आलेत.

त्याची बायको प्रयागबाई. साठी ओलांडलेली, काटक, बोलायला कमी. तिला शेळीच्या दुधाचा गुळाचा चहा लागे, शेणपाणी उरकल्यावर सकाळी एकदाच, पण गडवा भरून. गुळानं दूध फाटतं म्हणतात. तिचं कधी फाटलं नाही. गंज खाली उतरवून, उकळी बसल्यावरच ती गूळ टाकायची, आणि ही युक्ती कोणी विचारल्याशिवाय सांगायची नाही.

पोळा झाला अन् जगदेवच्या डाव्या पायाचं बोट काळं पडलं. पोरानं, राजूनं, मायबापाला वाशिमला नेलं. डॉक्टरनं शुगर पाहिली, चारशेच्या वर. बोट कापावंच लागलं. साखर अशीच राहिली तर आता पाऊल अन् मग गुडघा, असं डॉक्टर म्हणाला, तेव्हा जगदेव छताचा पंखा पाहत राहिला. प्रयागबाईनं एकच विचारलं, चहात किती चमचे चालतील. डॉक्टर म्हणाला, एकही नाही.

घरात जगदेवची साखर त्याच दिवशी बंद झाली. पण महिन्यानं तपासलं तर आकडा होता तिथंच, अन् जखम ओलीच. डॉक्टरनं प्रयागबाईकडं असं पाहिलं, जसं काही ही बाई नवऱ्याला चोरून लाडू चारते. आणखी एक महिना पाहू म्हणाला, नाही उतरली तर पाऊल काढायचं.

दुसऱ्या दिवशी जगदेव काठी टेकत बाहेर पडला आणि अर्ध्या तासानं प्रयागबाई त्याच्या मागावर निघाली. पहिलं ठिकाण एसटी थांब्याजवळचं हरीओमचं हॉटेल. हरीओमनं काही लपवलं नाही. उलट मोठ्या मायेनं सांगितलं की भाऊचं घरी बंद आहे असं ऐकलं, म्हणून तो आजकाल दीड चमचा वरून टाकतो. तिथून ती भागिरथाबाईकडे गेली. ही जगदेवला राखी बांधणारी, मानलेली बहीण. तिनं तर दोन चमचे वाढवले होते. ज्या ज्या घरी प्रयागबाई गेली, तिथं हीच तऱ्हा. घरी बिचाऱ्याला भेटत नाही, म्हणून सारं गाव त्याला कीव कालवून पाजत होतं.

तिनं भागिरथाबाईला समजावलं, पायाचं सांगितलं. भागिरथाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं, पण चमचा काही कमी होईना.

"फिका चाय कोनाले देतेत, वयनी?" ती म्हणाली. "ज्याचं येनं नको झालं त्याले. आता भाऊले तसा देऊ काय मी?"

प्रयागबाई उठली. घरोघरी भांडून हे मिटणार नव्हतं, हे तिच्या ध्यानात आलं. फिका चहा म्हणजे अपमान, असं गावानं धरलं होतं. मग तो मानाच्या माणसाला देऊनच त्यातला अपमान काढावा लागेल. करायचं तर आपल्या घरापासून.

दुसऱ्या सकाळपासून त्या घरात येईल त्याला फिका चहा. ग्रामसेवक येवो, जावई येवो, भिक्षेकरी येवो. तिनं स्वतःचा गुळाचा गडवाही बंद केला आणि सर्वांसमोर बसून तोच फिका ढोसू लागली. तोंड वाकडं व्हायचं, पण कप रिकामा करायची. गावात लगेच सुरू झालं, प्रयागबाईकडे जाता तर खिशात साखर घेऊन जा लेको. राजूचा सासरा आला, दोन घोट घेतले अन् तंबाखूच्या निमित्तानं थेट हरीओमकडे गेला. राजू खवळला, मायनं इज्जत घालवली म्हणाला.

"तुह्या इज्जतीले पाय नाई," ती म्हणाली. "तुह्या बापाले हाय. अजून."

पण गाव काही बदललं नाही. महिन्यातले वीस दिवस असेच गेले. जगदेव बाहेर पीतच होता, पायाची पट्टी रोज ओली निघत होती.

अशात वरल्या आळीतल्या दोन भावांचा धुऱ्याचा तंटा जगदेवच्या वट्ट्यावर आला. तीन वर्षांची खुन्नस, एकानं दुसऱ्याचं बांधावरचं निंबाचं झाड तोडलेलं. सतरंजीवर वीसेक माणूस, हरीओमही हॉटेल बंद करून आलेला. दारात बाया. जगदेवनं दोघांचं ऐकून घेतलं, थोरल्याला नांगराच्या दोन तासांएवढं मागं सरकायला लावलं, धाकल्याला दोन झाडं लावून द्यायला. दोघांनी माना डोलावल्या. गावची रीत अशी की तंटा मिटला की त्याच बैठकीत दोन्हीकडच्यांनी एका गंजातला चहा प्यायचा. कप उरला तर तंटा उरला.

प्रयागबाईनं चहा आणला. थोरल्यानं ओठाला लावला अन् तसाच थांबला. धाकल्यानं त्याच्याकडं पाहिलं. जगदेवनं बशीतून घोट घेतला, बशी खाली ठेवली.

"राजूची माय, साखर इसरली."

"इसरली नाई."

"आजच्या दिस तरी."

ती आत गेली. बैठकीचा जीव भांड्यात पडला. बाहेर आली तर हातात साखरेची सगळी बरणी, चमच्यासकट. सतरंजीच्या मधोमध ठेवली अन् उभीच राहिली.

"हे साखर. आपापल्या कपात ज्याले जेवढी पायजे तेवढी घ्या. माह्या घरी तोटा नाई. पन राजूच्या बापाच्या बशीत कोनाले टाकाची असन त्यानं उठून, सर्वायच्या समोर, आपल्या हातानं टाकावी. मंग याहीचा पाय कापला का रोज सकाळी परसाकडे बी त्यानंच पाठीवर न्यावं."

हरीओम बरणीकडं पाहत राहिला. दारातल्या भागिरथाबाईनं पदर तोंडाला लावला. माणसं एकमेकांच्या गुडघ्यांकडं पाहू लागली.

मग जगदेवनंच हात लांबवून चमचा उचलला. "माही मी घेतो," म्हणाला.

"घ्या," ती म्हणाली. "गावाचा न्याय तुमीच करता. आपलाबी करा."

ती आडवी गेली नाही, हाललीही नाही. जगदेवच्या हातात चमचा होता, अन् वीस माणसं ज्या पायाकडं पाहत होती त्यावरची पट्टी पिवळी पडली होती. त्यानं चमचा रिकामाच परत बरणीत टाकला. उरलेला चहा बशीत ओतला अन् संपवला. मग थोरल्याला पिणं भाग पडलं, धाकल्यालाही. बरणीला त्यानंतर कोणाचा हात लागला नाही. लावणार कोण?

नऊ दिवस जगदेव बायकोशी बोलला नाही. पण दुसऱ्याच दिवशी भागिरथाबाईनं त्याला हाक मारून बसवलं अन् फिका चहा दिला. वयनीनं भर बैठकीत दिला म्हणजे आता द्यायला हरकत नाही, असं तिचं गणित. बाकीच्या घरांनीही हात आखडला. हरीओमला ते आठवणीनं पाळायला चार दिवस लागले.

दहाव्या दिवशी वाशिमला आकडा दोनशेच्या खाली आला होता. जखमेच्या कडा वाळायला लागल्या होत्या. डॉक्टर म्हणाला, पाऊल राहील, पण हे आता जन्मभर. परतताना एसटीत जगदेव पहिल्यांदा बोलला.

"बैल धुतल्या पान्यावानी लागते."

"लागू द्या."

थांब्यावर उतरले तर हॉटेलातून कोणीतरी भाऊला हाक मारली. जगदेवनं बायकोकडं पाहिलं. तिनं मानेनंच जा म्हटलं. तो बाकावर टेकला, हरीओमनं न विचारता बिनसाखरेचा छोटा गंज वेगळा चढवला. प्रयागबाई ते पाहायला थांबली नाही. सकाळपासून जनावरं बिनपाण्याची होती.