बिघाड मशीनचाच आहे

मशीन चांगलं होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या गावात आजही कुणा जुन्या माणसाला विचारलंत तर तो म्हणेल की ते मशीन पहिल्या दिवसापासून बिघडलेलं होतं आणि ते मीच बिघडवलं होतं.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. नांदेडला रेडिओ दुरुस्तीचा कोर्स करून मी हिंगोलीत एका शिंप्याच्या ओट्यावर टेबल टाकलं होतं. ट्रान्झिस्टर घरोघरी येत होते, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. डोकं मात्र माझं लवकर तापायचं. गिऱ्हाईक म्हणालं, "बघा ना, काहीतरी झालंय," की मी लगेच विचारायचो, "काहीतरी म्हणजे काय? आवाज नाही, खरखर आहे, की स्टेशन सरकतंय?" माणसाला आपलं दुखणं नीट सांगता येत नाही आणि तो यंत्राचं काय सांगणार, असं माझं तेव्हा मत होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना बाबा म्हणायचो, गावच्या गायन पार्टीचे मुख्य गायक होते. आमचं गाव सेनगावकडचं, कोरडवाहू. दिवसभर दुसऱ्याच्या रानात राबायचं आणि बुद्धजयंतीला, लग्नाला, नामकरणाला गायचं, हे त्यांचं आयुष्य. राबण्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. गाण्याबद्दल मात्र जेवताना, झोपताना, बैल पाण्यावर नेतानाही बोलायचे. दुसरा कुणी बेसूर गायला तर त्यांना घास गिळवत नसे. "सूर धरता येत न्हाई त्यानं तोंड उघडू नये," असं ते तोंडावर सांगायचे आणि त्यामुळे पंचक्रोशीत त्यांना जितके चाहते होते तितकेच दुखावलेले गायकही होते.

मग त्यांना क्षय झाला. छातीचा भाता रिकामा झाल्यासारखा आवाज यायचा. रोज दवाखान्यात सुई घ्यायची, सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसून जायचं आणि तसंच यायचं. महिन्यांमागून महिने गेले. ते बरे झाले. अंगावर मांस चढलं, खोकला गेला. ज्या दिवशी त्यांनी पुन्हा एक अख्खं कडवं एका दमात म्हटलं त्या दिवशी माझी माय चुलीपुढं बसून रडली. दम परत आला होता, पण पहिल्याइतका नाही. गावाच्या शेवटच्या घरापर्यंत जाणारा त्यांचा आवाज आता विहाराच्या अंगणातच विरायचा. म्हणून तरुण मंडळाच्या पोरांनी मला सांगितलं, पार्टीला एक मशीन करून दे. मशीन म्हणजे अॅम्प्लिफायर, माईक आणि भोंगा. येत्या बुद्धजयंतीला पुसेगाव, साखऱ्याकडची माणसं येणार होती, तेव्हा ते वाजलं पाहिजे.

मी जीव लावून ते केलं. ट्रान्झिस्टरचं होतं, मोटारीच्या बॅटरीवर चालणारं. दुकानात एकेक जोड तपासला, स्वतः बोलून पाहिलं, शिंप्यालाही बोलायला लावलं. भोंग्यातून शिंपी असा स्वच्छ बोलला की रस्त्यावरचा टांगेवाला वळून बघायला लागला. मग सगळं एसटीच्या टपावर टाकून गावी आणलं.

विहाराच्या ओट्यावर मांडलं, भोंगा बांबूला बांधला. बाबांनी माईक हातात घेतला, चार ओळी म्हटल्या आणि थांबले.

"काहीतरी झालंय," ते म्हणाले.

मी म्हणालो, "काहीतरी म्हणजे काय?"

"आवाज बसका हाय. घोंगडीतून आल्यासारखा येऊन राहिला. बोल सुटे न्हाई येत."

मला तर लख्ख ऐकू येत होतं; माझं सगळं ध्यान आवाज स्वच्छ येतो का याकडं होतं, सुराकडं नव्हतं. पण बाबांचा कान म्हणजे आमच्या घरात शेवटचा शब्द. मला कोर्समध्ये शिकवलं होतं की बिघाड शोधताना एका वेळी एकच वस्तू बदलायची; दोन बदलल्या तर कशानं फरक पडला ते कळत नाही. मी आधी बॅटरी बदलली. बाबा म्हणाले, तसंच आहे. वायर बदलली. तसंच. हिंगोलीला जाऊन ओळखीच्या मंडपवाल्याचा माईक मागून आणला. तसंच. भोंग्याचं युनिट खोललं, पुसलं, बसवलं. मशीन उलटं करून कंडेन्सर काढले, नवे जोडले. दर खेपेला बाबा चार ओळी म्हणायचे, मान तिरकी करून ऐकायचे आणि मान हलवायचे.

मी चिडत गेलो. गिऱ्हाईक असतं तर केव्हाच हाकलून दिलं असतं. "तुम्हाला नुसती खोड काढायचीय," असंही एकदा बोलून गेलो. ते रागावले नाहीत. "तकलीफ होते म्हणून सांगतो लेका. मशीन लोकायला जसं वाजतं तसं मला नको. बराबर वाजलं पाहिजे," म्हणाले.

बुद्धजयंतीला आठवडा राहिला होता. भर दुपारी मी पुन्हा ओट्यावर सगळं मांडलं. बाबा भोंग्याजवळच माईक घेऊन उभे होते. "वरचा आवाज वाढव," ते म्हणाले. वाढवला. "अजून." अजून वाढवला. "अजून लेका, काहीच न्हाई येत." मग मी संतापाच्या भरात वरच्या आवाजाचं आणि एकूण आवाजाचं, दोन्ही बटणं शेवटपर्यंत फिरवली. माईक भोंग्याच्या तोंडाशी, त्यामुळे जे व्हायचं तेच झालं. भोंगा शिट्टी मारू लागला. दाताच्या मुळापर्यंत जाईल अशी ती शिट्टी. आडावरच्या बायांनी घागरी खाली ठेवून कान दाबले. ओट्याखालचं कुत्रं कुंपणातून पळालं. मीही एका हातानं कान झाकला.

बाबा माईक धरून तसेच उभे होते. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. ते माझ्याकडं बघत होते, मी काम करतोय म्हणून वाट बघत होते.

"लाव की," ते म्हणाले. "काहून थांबलास?"

मी बटणं खाली आणली. पुन्हा एकदा, हळूच, मुद्दाम वर नेली. पुन्हा शिट्टी झाली आणि पुन्हा ते तसेच उभे राहिले. त्या दुपारी मला बिघाड सापडला. इतकं नीट तपासून सापडलेला बिघाड मला पुढच्या आयुष्यात दुसरा आठवत नाही आणि तो सापडू नये असं वाटलेलाही दुसरा नाही.

माझा मामा, मायचा थोरला भाऊ, पार्टीत पेटी वाजवायचा. मी त्याच्या घरी गेलो आणि झालं ते सांगितलं. त्यानं तंबाखू मळायला घेतली.

"आमाला ठावं हाय," तो म्हणाला. "लई दिस झाले. सुया सुरू होत्या तवापासूनच. आधी झांज ऐकू येईना, मग माझी पेटी."

"मग गातात कसे?"

"ते आपल्या अंदाजानं गातेत. आमी त्यायच्या मागं जातो."

पार्टीची एक रीत होती. गायक सुरातून सरकला तर थांबायचं नाही, त्याच्याकडं बघायचंही नाही. पेटीवाल्यानं पट्टी बदलून त्याला गाठायचं आणि "चुकलं माझं" म्हणून दोष स्वतःवर घ्यायचा. मग कोरसवाल्यांनी जोरात झील ओढायची, म्हणजे ऐकणाऱ्याला सांधा कळत नाही. मामाला मी अलीकडं कितीतरी वेळा "चुकलं माझं" म्हणताना ऐकलं होतं. मला वाटायचं, मामा म्हातारा झाला, बोटं चालत नाहीत. बाबाही घरी येऊन तेच म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी हिंगोलीत ओळखीच्या एका डॉक्टरांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, त्या सुईनं एखाद्याच्या कानाची शीर मरते. छाती वाचते, कान जातो. मी विचारलं, काही बदलता येतं का? ते म्हणाले, नाही. माझ्या धंद्यात बदलता येत नाही असा भाग नव्हता. शिंप्याच्या ओट्यावर येऊन बसलो. समोर कुणाचातरी ट्रान्झिस्टर उघडा पडला होता आणि मला त्याला हात लावावासा वाटेना. ज्या सुईपायी आम्ही रोज सायकल दामटली, तिनं त्यांना गायचा दम दिला आणि आपण काय गातो ते ऐकणं काढून घेतलं. कुणावर चिडावं तेही कळेना. माझ्यासारख्या चिडक्या माणसाला ते फार जड गेलं.

घरी मायला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.

"सांगितल्यानं कान येतेत का?" तिनं विचारलं.

"न्हाई."

"मंग नको सांगू. त्यायला कळलं का आपण बेसूर गाऊन राहिलो, तर त्या दिवशी गाणं सोडतील. गाणं सोडलं तर हा माणूस चार म्हैने न्हाई काढायचा."

ती बरोबर बोलत होती. पण मशीन सगळं उघडं पाडणार होतं. अंगणात पेटी त्यांना सावरून घ्यायची, कोरस झाकून घ्यायचा. माईकपुढं उभा राहणारा माणूस एकटा असतो. त्यांचा सरकलेला सूर भोंगा वेशीपलीकडं नेऊन ओतणार आणि बाहेरगावचा कुणीतरी हसणार. ते हसणं त्यांना ऐकू आलं नसतं, पण दिसलं असतं.

बुद्धजयंतीच्या सकाळी बाबा पांढरे कपडे घालून विहारापाशी आले तेव्हा मी मशीनचं झाकण उघडून बसलो होतो. आत सगळं ठाकठीक होतं. मी त्यांच्याकडं तोंड करून, मोठ्यानं म्हणालो, "बाबा, तुमचं बराबर होतं. मशीनच बिघडलंय. आज न्हाई चालायचं."

त्यांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांची शंका फिटल्याचं समाधान होतं ते. "मी म्हणलं न्हवतं?" ते म्हणाले आणि येईल त्याला सांगत सुटले, "मशीनीत खोट होती. पोरगं ऐकायला तयार न्हवतं."

उन्हं उतरल्यावर कार्यक्रम झाला. माणसं ओट्याला लागून दाटीनं बसली. बाबा विनामाईक गायले. मामाची बोटं पेटीवर त्यांना शोधत फिरत होती, कोरस वेळेवर झील ओढत होता. मागं बसलेल्या साखऱ्याच्या कुणीतरी ओरडून विचारलं, भोंगा का लावला नाही. बाबांनी मामाला विचारून प्रश्न समजून घेतला आणि हसत म्हणाले, "पोरगं शिकून राहिलं अजून." सगळे हसले. माझ्यावर हसले, त्यांच्यावर नाही. तेवढंच मला हवं होतं. त्यानंतर गावातला एकही रेडिओ माझ्याकडं दुरुस्तीला आला नाही.

माणसं पांगल्यावर मी बांबूवरचा भोंगा काढून वायर गुंडाळत होतो. बाबा आले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून शेजारी बसले. गाऊन थकले होते, पण खुशीत होते.

"मनाला लावून घेऊ नको," ते म्हणाले. "हळूहळू येईल तुला. आता मशीन केलं का लोकायला द्यायच्या आधी माझ्यापाशी आणत जा. माझे कान हायेत तवर तुला कशाची फिकीर? मी ऐकून सांगत जाईन, खोट कुठं हाय ते."

मी म्हणालो, "व्हय."

"आं?" ते म्हणाले.

मी तोंड त्यांच्याजवळ नेलं आणि मोठ्यानं पुन्हा म्हणालो, "व्हय बाबा."