ढालीची कडा

फोमच्या तलवारींची लढाई म्हणजे काय, हे सोलापुरात अजून प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं. धडधाकट माणसं रविवारी सकाळी मैदानावर स्पंजाच्या तलवारी आणि ढाली घेऊन एकमेकांवर धावून जातात, एवढंच ते. माझी मुलगी कॉलेजात जायला लागली आणि तिनं मलाही त्यात ओढलं. सहा महिन्यांत मी तिथला तपासनीस झालो, कारण माझ्याइतका शंकेखोर माणूस दुसरा नव्हता. भाजीवाल्यानं दिलेली मेथीची जुडीही मी सोडून बघतो.

नियम साधा होता. ढालीच्या मध्ये पातळ प्लायवूड चालेल, पण कडेला चार बोटं नुसता फोम हवा आणि हातानं दाबली की कडा सहज दुमडली पाहिजे. धावत्या माणसाच्या तोंडावर कडक कडा बसली तर दात जातो. म्हणून खेळाआधी मी प्रत्येकाची ढाल घेऊन चारी बाजूंनी वाकवायचो.

तरी एका रविवारी गर्दीत मुलीचा ओठ फाटला. दोन टाके पडले. तिची आई म्हणाली, कुणाची ढाल होती ते कळल्याशिवाय ही आता मैदानात उतरणार नाही. पोरीचा जीव त्या खेळात होता. ती नुसती बघायला म्हणून माझ्याबरोबर यायची आणि कडेला बसून राहायची. मला ते बघवेना.

माझा संशय एकाच माणसावर होता. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात माग दुरुस्त करणारा एक जॉबर आमच्यात खेळायचा. त्याच्या ढालीला चादरीच्या कापडाची खोळ होती, फार सुबक शिवलेली. इतकं सुबक शिवायचं कारण काय? तपासताना कडा वाकायची, तेही मला खटकायचं. तपासायला एक ढाल आणि खेळायला दुसरी, असं तर नसेल? दोन रविवार मी त्याच्या मोटारसायकलभोवती घुटमळलो. कुणी बघत नाही असं पाहून त्याची पिशवीसुद्धा चाचपली. आत जेवणाचा डबा होता.

तिसऱ्या रविवारी मी सगळ्यांसमोर म्हणालो, "खोळ उसवून दाखवा."

मुलगी माझी बाही ओढत होती. "पप्पा, जाऊ द्या ना." मला वाटलं, पोरगी भिडस्त आहे.

जॉबरनं ब्लेड घेऊन शिवण उसवली. मी आत हात घालून पार टोकापर्यंत चाचपलं. कडेला सगळा गादीतला मऊ फोम होता.

"झालं समाधान?" तो म्हणाला. "आता तुमची बगू की, सर. तुमची कोन तपासतंय?"

मला राग आला. तपासनिसाची ढाल तपासायची, हे आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मी ती त्याच्यापुढे धरली. त्यानं कडा गुडघ्याला लावून दाबली. मग दोन्ही हातांनी जोर लावला. कडा वाकली नाही. उन्हाळ्यात ती फाटली होती, तेव्हा मीच तिला पंक्चरच्या सोल्युशनचे तीन थर देऊन वर चिकटपट्टी गुंडाळली होती. वाळून त्याचं लाकूड झालं होतं.

जॉबर सुईदोरा काढून खोळ शिवत बसला. मी माफी मागितली. त्यानं मान हलवली, पण वर बघितलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना स्कूटरवर मी मुलीला विचारलं, "माझीच लागली, हे तुला माहीत होतं?"

"लागली तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही माझ्यावरच संशय घेतला असता की, पप्पा."

घरी गेल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. खेळ बंद झाला तो माझा. मुलगी दर रविवारी जाते. सोडायला येऊ का, असं विचारलं की नको म्हणते.