एकही रकाना रिकामा नव्हता

डिंकाचा वास आला की मला दिल्लीच्या करोल बागेतली आमची खोली आठवते. परीक्षेच्या तयारीला महाराष्ट्रातून आलेलो आम्ही दोघं तिथे राहायचो. तो मुसलमान, मी हिंदू, डबा एकच. एका पक्षाने तेव्हा स्वतःचं स्वयंसेवक दल काढलं होतं. सुरुवातीला बागेत लाठ्या फिरवणारी वीसेक माणसं असायची, पण सीमेवर लढाई सुरू झाली आणि आठवड्याभरात गल्लोगल्ली त्यांच्या तुकड्या उभ्या राहिल्या. भरतीचे फॉर्म चहाच्या टपरीवर मिळायचे. आम्हा परीक्षावाल्यांना दिसेल तो फॉर्म भरायची सवय, पासपोर्ट फोटो कायम पाकिटात. मीही भरला, डिंकाने फोटो चिकटवला आणि ‘सोबत कोण राहतं’ हा रकानासुद्धा सोडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी दारात चौघं उभे होते, लाठ्या घेऊन. एकाच्या हातात माझा फॉर्म होता. "ये आपके साथ रहता है ना?" म्हणत त्याने माझ्या सुवाच्य अक्षरातलं मित्राचं नाव आडनावासकट वाचलं. आत बाथरूममधला नळ एकदम बंद झाला. "गाँव गया है," मी कसंबसं म्हणालो. त्याने उंबऱ्याजवळच्या चपलांच्या दोन जोडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "शाम को फिर आएँगे." परीक्षा तोंडावर असताना मित्र दुपारच्या गाडीने खरंच गावी गेला. आता मी सरकारी कचेरीत लोकांचे फॉर्म तपासतो, आणि कुणी सगळे रकाने नीट भरून आणले की मी तो फॉर्म गठ्ठ्यात सगळ्यात खाली सरकवतो.