रोज सकाळी नऊ वाजता

बत्तीस वर्षांच्या नोकरीत छापे पुष्कळ मारले. बहुतेक विसरलो. वरठीचा तेवढा मनात राहिला आहे.

तेव्हा मी भंडारा जिल्ह्यात गुन्हे शोध पथकाचा प्रमुख होतो. एका खबऱ्याने सांगितले, "साहेब, वरठीले एक म्हातारा रोज नऊ वाजता फोनवर कोड देऊन राहिला. खरेदी, विक्री, उलटा. डब्बा असन."

डब्बा म्हणजे बाजारात शेअर न घेता नुसत्या भावावर खेळलेला सट्टा. स्टेशन डायरीला नोंद केली, दोन पंच घेतले आणि पावणेनऊला आम्ही त्याच्या दारात उभे राहिलो.

पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला टाइमकीपर. एकटाच राहत होता. खोलीत पलंग, स्टोव्ह, वह्यांची चळत आणि एक पाटी. पाटीवर खडूने लिहिले होते, 'खरेदी'. रोख नाही, चिठ्ठ्या नाहीत. पंचनामा चालू असतानाच फोन वाजला. हवालदाराने स्पीकर लावला.

"भाऊ, आज कोनता दिवस?" बाईचा आवाज होता.

म्हाताऱ्याने आधी घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे पाहिले.

ठाण्यात आणल्यावर मात्र त्याने सगळे समजावून सांगितले. बाजार तीन दिवसांच्या फेऱ्यात फिरतो, असा त्याचा हिशेब होता. पहिल्या दिवशी भाव पडला की घ्यायचे. दुसऱ्या दिवशी कालच्या वरच्या भावापर्यंत चढला की विकायचे. तिसऱ्या दिवशी उलटे, आधी चढ्या भावात विकून मग उतरल्यावर घ्यायचे. चौथ्या दिवशी पुन्हा पहिला दिवस. "कारखान्यात पाळी फिरते ना साहेब, तसंच."

"मालक कोण? नागपूरचा?"

"कोनी नाही."

"किती मिळतात?"

"मी कोनाचा एक पैसा नाही घेत."

दोन तास हेच चालले. फुकट कोणी काही देत नाही, हा आमच्या खात्याचा अनुभव. मी आवाज चढवून पाहिला, तरी उत्तर तेच.

दुसऱ्या दिवशी सायबर शाखेकडून त्याच्या फोनचा तपशील आला. नऊ ते साडेनऊ, अकरा नंबर. त्यानंतर दिवसभर एकही फोन नाही. आठवडा पाहिला, महिना पाहिला, तेच. त्याच्या शेअरच्या खात्यात तर दोन वर्षांत एकही व्यवहार नव्हता. मी त्याला परत बोलावले, चहा मागवला आणि या वेळी खुर्ची त्याच्या बाजूला घेतली.

"तुम्ही स्वतः का सोडलंत?"

"जमत नाही म्हणून. पयले काही महिने जमलं. मंग तेजी लागली, तं तीन दिवसांचा फेरा कधी पाच दिवसांचा होये, कधी दोनचा. कोनता दिवस पयला, हेच समजे ना."

"मग लोकांना का सांगत होतात?"

त्याने कप खाली ठेवला. "बायको गेली. पोरगी दूर देली. नऊ वाजले का फोन वाजते साहेब. जमत नाही म्हटलं असतं, तं फोन कोनं केला असता?"

त्या अकरा नंबरांत तुमसरचा एकजण होता. डब्बा तो चालवत होता आणि 'वरठीच्या काकांचं चक्र' म्हणून गिऱ्हाइके ओढत होता. फोनवरची ती बाई त्यांतलीच, शहापूरची निवृत्त नर्स. तिची सगळी पुंजी तिथे गेली होती. जबाबासाठी तिला बोलावले, तेव्हा हे म्हाताऱ्याला पहिल्यांदा कळले. तो तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला.

"बाई, तुमी सांगतलं काहून नाही? बुडल्यावर बी फोन करत होत्या."

ती म्हणाली, "तुमी फोनच्या शेवटी विचारत होते ना भाऊ, जेवन झालं का म्हणून. दुसरं कोनी विचारत नाही."

लेखनिकाचे पेन थांबले.

म्हाताऱ्याच्या आणि नर्सच्या जबाबांवर तुमसरला छापा पडला, डब्बेवाला पकडला गेला. म्हातारा साक्षीदार झाला. माझ्याच टेबलावरून त्याने उरलेल्यांना एकेक करून फोन केले. "ते चक्र खोटं हाय. मले दोन वर्सांपासून मालूम होतं." काहींनी शिव्या दिल्या. त्याने सगळ्या ऐकून घेतल्या.

निघताना दारात थांबून त्याने विचारले, "साहेब, सकाळी कधी एखादा फोन कराल का? कामाचा नसला तरी चालते."

मी हो म्हणालो. चार दिवस केलाही. पाचव्या दिवशी निवडणुकीचा बंदोबस्त लागला, पुढे बदली झाली, आणि राहिले ते राहिलेच.

तपासात आम्ही विचारतो, यात कोणाचा फायदा. पैशाखेरीज दुसरा फायदा असू शकतो, हे या प्रकरणाने मला शिकवले. शिकलो तपासापुरतेच. खटल्याच्या साक्षीला गेलो तेव्हा नर्स भेटली. ती म्हणाली, भाऊ पावसाळ्यात गेले. शेवटपर्यंत तिला सांगत होते, साहेबाले कामं असतेत.