दादाचं दुखणं

मी बारावी झाले तेव्हा रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं. सरकारी इमारतींवरचं 'मध्यप्रदेश' खरवडून तिथे 'छत्तीसगढ' रंगवणं चालू होतं आणि रोज कुठे ना कुठे नवं कॉलेज उघडत होतं. अशाच एका कॉलेजात, भाड्याच्या इमारतीत, मी जीववैद्यकशास्त्राच्या बीएस्सीला प्रवेश घेतला. घरात तो विषय कोणाला नीट समजला नव्हता. बाबा रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत, एका रोलिंग मिलमध्ये पाळीवर जायचे. कोणी विचारलं तर सांगायचे, "पोट्टी खून तपासायचं शिकून राहिली." खून म्हणजे रक्त; ते काही चुकीचं नव्हतं.

माझ्याआधी आईबाबांना एक मुलगा झाला होता, माझा दादा. मी शाळेत जायच्या आधीच तो गेला. माझ्याजवळ त्याच्या फार आठवणी नाहीत. पिवळसर डोळे आठवतात, सुजलेली बोटं आठवतात, आणि बाबांच्या खांद्यावर मान टाकून "हाडं दुखतात" म्हणत कण्हणारा त्याचा आवाज. कोणी वात म्हणायचं, कोणी कावीळ. एकदा थंडीच्या दिवसांत आम्ही भंडाऱ्याकडच्या आमच्या गावी गेलो होतो. आईने त्याला तलावावर नेऊन अंघोळ घातली. त्याच दिवशी त्याचं दुखणं उठलं, ताप चढला, आणि तो त्यातून उठला नाही. माझी आत्या, बाबांची मोठी बहीण, सगळ्यांसमोर म्हणाली की मायनंच पोराले मारलं. हे मला सरळ कोणी सांगितलं नाही. लग्नकार्यात बायकांच्या बोलण्यातून ते तुकड्यातुकड्याने माझ्या कानावर येत गेलं. आई त्याबद्दल एक शब्द बोलत नसे.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला रक्ताचं प्रात्यक्षिक होतं. छत्तीसगडात आणि विदर्भात सिकलसेलचे रोगी बरेच, म्हणून ती तपासणी अभ्यासक्रमात होती. बोट टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा, त्यात एक द्रावण मिसळायचं, वर पातळ काच ठेवून हवा आत जाणार नाही अशा कडा बंद करायच्या आणि वाट बघायची. ज्याच्या रक्तात तो दोष असेल त्याच्या गोल पेशी हवा न मिळाल्यामुळे वाकून विळ्यासारख्या होतात. प्रात्यक्षिक घेणाऱ्या मॅडम म्हणाल्या, सगळ्यांनी आपलंच रक्त घ्या.

सूक्ष्मदर्शक कमी होते, त्यामुळे रांग लावावी लागायची. माझी पाळी आली तेव्हा मी डोळा लावला, भिंगाचा स्क्रू फिरवला, परत फिरवला. गोल पेशींमध्ये काही विळ्यासारख्या वाकलेल्या दिसत होत्या. मला वाटलं, काचेवर घाण राहिली असेल. मग मॅडमना बोलावलं. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "घबराओ मत. तुम बीमार नहीं हो. पर मम्मी-पापा को एक बार ले आओ."

पुढची तपासणी झाली तेव्हा नक्की कळलं की मी नुसती वाहक आहे. आईबापांपैकी एकाकडून दोष आला तर माणूस वाहक होतो, त्याला सहसा काही त्रास होत नाही. दोघांकडूनही आला तर मात्र रोग होतो. मॅडम फळ्यावर याची आकृती काढून समजावत होत्या, डोळे का पिवळे होतात, लहान मुलांची बोटं का सुजतात, हाडं का दुखतात हे सांगत होत्या. बाकीची मुलं उतरवून घेत होती. माझा हात चालेना. मॅडम रोगाचं वर्णन करत होत्या आणि मला माझा भाऊ दिसत होता.

तास संपल्यावर मी त्यांना दादाबद्दल सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्याचं रक्त आता तपासता येणार नाही, त्यामुळे छातीठोक सांगता येत नाही, असं त्या म्हणाल्या. पण मी सांगितलेली लक्षणं याच रोगाची आहेत, असंही म्हणाल्या.

आईबाबांना कॉलेजात घेऊन जायला मला बरेच दिवस लागले. अभ्यासासाठी रक्त पाहिजे, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. बाबांनी हसत हात पुढे केला. आईने तोंड दुसरीकडे वळवलं. दोघंही वाहक निघाले.

निकाल कळल्यावर एका सकाळी बाबा रातपाळीहून आले होते, चहा झाला होता, आई तांदूळ निवडत बसली होती. तेव्हा मी त्यांच्यासमोर बसून हे सांगितलं. काय आहे, कसं येतं, दादाला काय झालं असावं. मॅडमनी सांगितलं तसंच, हळूहळू. बाबा खाली बघत ऐकत होते. आईचे हात सुपातच थांबले होते.

मग ती म्हणाली, "थंड्या पान्यानं होते का हे?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं. 'नाही' म्हणणं सोपं होतं. पण तिला खोटा दिलासा देऊन तिच्यासमोर पुढे कसं वावरणार, हे मला कळेना.

"थंडीनं दुखणं उठू शकते, आई," मी म्हणाले. "तापानं उठते, पाणी कमी प्यालं तरी उठते. कधी काहीच झालं नाही तरी उठते. पण रोग थंडीनं होत नाही. तो जन्मापासून त्याच्या रक्तात होता. तेव्हा तुले कोणी सांगितलंच नव्हतं तर तू काय करणार होती?"

"माह्याकडूनच आला ना पन?"

"तुझ्याकडूनही आणि बाबांकडूनही. एकाकडून आला असता तर तो माझ्यासारखा असता."

आईने मान वर करून बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "मी तर तुले कधी काही म्हटलं नाही."

"म्हटलं नाही," आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पन ते लोक म्हनत होते तवा तुम्ही तिथंच बसून होते."

आई सूप बाजूला ठेवून आत गेली. ती रडेल असं मला वाटलं होतं, पण आतून तिच्या रडण्याचा आवाज आला नाही. ती नुसती पडून राहिली. त्या दिवशी स्वयंपाक बाबांनी केला.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी बाबा मला घेऊन चौकातल्या पीसीओवर गेले. त्यांनी गावच्या शेजाऱ्यांचा नंबर लावला आणि आत्याला बोलावून घेतलं. ते फार बोलणारे नव्हते. "ताई, माह्या रक्तात निघालं आहे. तुह्यातही असन. पोराइले तपासून घे," असं म्हणाले. मग त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. काचेच्या त्या खोक्यात त्यांना घाम आला होता. "आन ते तलावाचं बोलनं आता कोनी काढाचं नाही. माह्या पोराले माह्याकडूनही गेलं ते." पलीकडून आत्या काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. बाबांनी "हव, हव" करून फोन ठेवला.

आत्याने मुलांना तपासायला नेलं की नाही, ते आम्हाला कधी कळलं नाही. शिकलेली पोट्टी घराण्यात खोट काढून राहिली, असंही कोणीकोणी बोललं. पण त्यानंतरच्या एका लग्नात आत्या आईजवळ येऊन बसली. दोघी फारसं बोलल्या नाहीत. आत्याने तिच्या ताटात भात वाढला आणि आईने तो खाल्ला.

शेवटच्या वर्षाच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी मला सिकलसेलच विचारलं. मी न अडखळता सांगत गेले. त्यांनी मध्येच विचारलं, "घर में किसी को है क्या? बहुत अच्छे से बता रही हो."

"भाई था, सर," मी म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवला आणि पुढचा प्रश्न न विचारताच मला जायला सांगितलं.

घरी येऊन मी आईला हे सांगितलं. ती दारात बसून कपड्यांच्या घड्या करत होती.

"त्याचं नाव सांगितलं का तू?" तिने विचारलं.

"नाही. त्यांनी विचारलं नाही."

"सांगाचं होतं," आई म्हणाली, आणि तिने दादाचं नाव घेतलं. तिच्या तोंडून ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. मग तो कसा रांगायचा, काय काय खायचा, हे ती सांगत बसली. कपड्यांच्या घड्या संपल्या तरी ती सांगतच होती.