खोली नंबरासकट

नोकरीचा अर्ज लिहून सरांपुढं धरला की ते नाव वाचत नसत, शिक्षण वाचत नसत. उजव्या हाताचं बोट थेट पत्त्याच्या ओळीवर जायचं.

"हे कोणाचं घर?"

"आत्याचं, सर. माहीमला."

"तू तिथं राहतोस?"

"नाही."

"मग पुन्हा लिही. खोली नंबरासकट."

हे सगळं ते ओरडून विचारत. रागानं नव्हे. अठरा वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या गडगडाटात काढल्यामुळं त्यांचे कान जवळजवळ गेले होते. समोरच्याच्या ओठांकडं बघून ते बोलणं समजून घेत. त्यामुळं त्यांच्याशी खोटं बोलणं मोठं अवघड. पुटपुटून भागत नसे, खोटंसुद्धा स्वच्छ उच्चारावं लागे.

गिरणीत असतानाच पाळी संपल्यावर ते टायपिंग शिकले होते आणि परीक्षाही पास झाले होते. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. संप झाला, लांबला, आणि त्यांची गिरणी पुन्हा सुरू झालीच नाही. लालबागला त्यांच्या चाळीत खाली व्यायामशाळेची खोली होती. घरात धड जेवण नसताना दंड-बैठका कोण काढणार? खोली रिकामीच पडली होती. चाळकमिटीनं ती सरांना दिली आणि तिथं दोन जुन्या यंत्रांवर टायपिंगचा वर्ग सुरू झाला. कोपऱ्यात मुद्गल तसेच होते. भिंतीवर मारुती होता. त्याच्यापुढं आम्ही इंग्रजी अक्षरं बडवायचो.

सर टेबलावर पालथा पंजा ठेवून उभे राहत. कोणाची लय चुकली ते त्यांना हाताला कळे. मग त्या यंत्रापाशी येऊन म्हणत, "खंय तुटला?" मूळचे मालवणकडचे. मागावर धागा तुटला की विणकरानं आधी कुठं तुटला ते शोधायचं, मग सांधायचं, आणि दोष कोणाचा ते सगळ्यात शेवटी. टायपिंगमधली चूक त्यांच्या लेखी तुटलेला धागाच होती. एखादी मुलगी रडकुंडीला आली तर म्हणत, "खंय तुटला ता आधी बघ, मगे रड."

मी घोडपदेवहून तिथं जायचो. माझे वडीलही संपात घरी बसलेले. वर्गातून नोकरी लागलेला पहिला मुलगा मी. फोर्टातल्या एका कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात. सरांनी चाळभर पेढे वाटले. मग सहज म्हणून नेमणुकीचं पत्र मागितलं आणि त्यावरचा पत्ता वाचला. गिरगावातल्या माझ्या मावशीचा.

पत्र घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिलं. "म्हणजे नोकरी गिरगावला लागली," ते म्हणाले. "आपल्याला नाही."

त्या काळात मुंबईत ज्यांनी नोकरी शोधली त्यांना हे नवं नाही. लालबाग, परळ, घोडपदेव असा पत्ता दिसला की कचेऱ्यांतले साहेब लोक अर्ज बाजूला ठेवत. संपवाल्यांची पोरं, उद्या आपल्याकडं झेंडे लावतील. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, पण आमच्याकडं आलेले अर्ज लावायचं काम माझ्याकडं होतं आणि बाजूला पडलेल्या गठ्ठ्यात कोणते पत्ते असत ते मी रोज बघत होतो. बघत होतो, एवढंच. माझा पत्ता गिरगावचा होता.

माझ्यानंतर सरांनी तो नियम केला. वर्गातल्या प्रत्येकानं स्वतःचा खरा पत्ता लिहायचा. गिरणगावातली पोरं हुशार आहेत हे शहराला कळायचं असेल तर ती गिरणगावातली आहेत हेही कळायला हवं, असं त्यांचं सरळ गणित. नोकरीचं एक तरी पत्र लालबागच्या पत्त्यावर यावं, एवढंच त्यांना हवं होतं. मुलांना हा नियम जाच वाटे. मला विचाराल तर तो जाचच होता.

आमच्या कंपनीनं जुना म्हणून काढलेला एक कॉम्प्युटर मी साहेबांच्या परवानगीनं वर्गाला मिळवून दिला. अपराध्याची देणगी म्हणा हवं तर. हातगाडीवरून तो लालबागला आला तेव्हा चाळीतल्या बायकांनी त्याला कुंकू लावलं. सरांचं वय तेव्हा पन्नाशीकडं झुकलेलं. शेजारी डिक्शनरी ठेवून ते पुस्तकातलं एकेक वाक्य लावत प्रोग्रॅम लिहायला शिकले आणि सहा महिन्यांत मला शिकवायला लागले. "ताण्यात हजारो धागे असतात," ते म्हणत. "त्यातला एक तुटला की आमच्या बायका-माणसांना लांबून दिसतो. असली नजर आख्ख्या मुंबईत कोणाकडं आहे? आणि तिला काम नाही."

ती नजर सुनंदाकडं होती. वडील संपानंतर खचून गेलेले, आई घरात खानावळ चालवायची. सुनंदा छापलेल्या प्रोग्रॅमच्या ओळींवरून बोट फिरवत जायची आणि जिथं चूक असेल तिथं बोट थांबायचं. आमच्या कंपनीत जागा निघाली तेव्हा मीच तिला कळवलं. आणि हळूच सांगितलं, पत्ता दादरच्या मामाचा दे.

तिनं दिला. सरांचं बोट त्या ओळीवर गेलं.

"हे कोणाचं घर?"

सुनंदा त्यांच्यासमोर उभी राहिली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "सर, पत्त्याचा हट्ट तुमचा, पण पोट माझं आहे."

वर्गातली यंत्रं थांबली. सरांनी पाकीट यंत्रात घालून स्वतःच आमच्या कंपनीचा पत्ता टाइप केला आणि अर्ज आहे तसा पाठवला.

परीक्षेला पाच जण होते, मी साहेबांच्या मदतीला. साहेबांनी प्रत्येकाला एक बिघडलेला प्रोग्रॅम दिला. बाकीचे पहिलं पान वाचत होते तेवढ्यात सुनंदाचं बोट थांबलं. साहेब खूश झाले. कुठं शिकलात, म्हणाले.

"लालबागला."

"पण तुम्ही तर दादरच्या."

"दादरला मामा राहतात. मी लालबागला राहते. तसं लिहिलं असतं तर तुम्ही बोलावलं असतंत का?"

साहेब गोंधळले. वाईट माणूस नव्हता तो. माझ्याकडं वळून म्हणाले, "काय हो, असं असतं का आपल्याकडं?"

दहा शब्दांत सांगता आलं असतं. माझाही पत्ता खोटा आहे, मी घोडपदेवचा, एवढंच. मी म्हणालो, "मला कल्पना नाही, सर."

तिला घेतलं. पत्र लालबागच्या पत्त्यावर पाठवा, असं साहेबांनीच सांगितलं. ते पत्र सरांनी वर्गाच्या दारात उभं राहून तीनदा वाचलं आणि त्यातला पत्ता मोठ्यानं, खोली नंबरासकट. डोळे पुसले. मग माझ्याकडं वळले. परीक्षेतलं सगळं सुनंदानं त्यांना सांगितलं होतं.

"साहेबानं तुला विचारलं, तेव्हा तू काय म्हणालास?"

मी काहीतरी पुटपुटलो. त्यांनी माझ्या ओठांकडं पाहिलं आणि मान हलवली. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मला त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढं साहेबच मला विचारू लागले, तुमच्या ओळखीचं तिकडं आणखी कोणी आहे का? लालबागची मुलं आली, काळाचौकीची आली, वरळीच्या बीडीडी चाळीतली दोघं आली. आमच्या कंपनीतून ती दुसरीकडं गेली, काही परदेशी गेली. मग गिरण्यांच्या जागी काचेच्या इमारती उठल्या आणि त्यांत कॉम्प्युटरच्याच कंपन्या आल्या. या भागात इतकी हुशार मुलं मिळतील असं वाटलं नव्हतं, असं तिथले लोक म्हणतात. वाटावं यासाठी एक बहिरा माणूस किती वर्षं ओरडत होता, ते त्यांना कोण सांगणार?

चाळ पाडायला घेतली तेव्हा सर गावी गेले. मी तोवर दादरला राहायला गेलो होतो, कंपनीच्या नोंदीत मात्र अजून गिरगावच होतं. घोडपदेवच्या खोलीत भाऊ राहतो. एक दिवस तो एक पोस्टकार्ड घेऊन आला. टाइप केलेलं, माझ्या नावावर, घोडपदेवच्या पत्त्यावर. मजकूर दोन ओळींचा.

"आपल्याकडच्या किती मुलांना नोकरी लागली त्याची यादी करतो आहे. तुला धरू की सोडू, ते कळव."

दुसऱ्या दिवशी मी कंपनीत जाऊन नोंदीतला कायमचा पत्ता बदलला. कारकुनाला वाटलं मी चुकून उलटं सांगतोय. गिरगाव खोडून घोडपदेव कोण लिहितं? मग मी कार्ड लिहिलं. लिहिण्यासारखं पुष्कळ होतं, लिहिला एकच शब्द, "धरा." सरांनी आपल्या कार्डावर पाठवणाऱ्याचा पत्ता दिला होता, पण तो गावचा नव्हे, लालबागच्या वर्गाचा, खोली नंबरासकट. शिक्का गावचा होता, तोही पुसटलेला. दुसरा पत्ता माझ्याकडं नव्हता. मी त्याच पत्त्यावर टाकलं.

महिन्यानं ते परत आलं. त्यावर पाठवणारा म्हणून मी घोडपदेवचा पत्ता पूर्ण लिहिला होता, म्हणून बरोबर भावाच्या हातात पडलं. मी सुनंदाला फोन करून सरांचा गावचा पत्ता विचारला.

"तुम्हाला कळलं नाही?" ती म्हणाली. "सर गेले. पंधरा दिवस झाले."

मी विचारलं, तुला त्यांचं असं कार्ड आलं होतं का, धरू की सोडू असं विचारणारं?

"नाही," ती म्हणाली. "मला कशाला विचारतील?"