सिद्रामप्पा आणि गल्लीचं सोलर

मला लिहायची सवय नाही. पण सिद्रामप्पांबद्दल गल्लीत दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, एका आडतीवर त्यांनी एकेचाळीस वर्षं माल पारखला. पोत्यात टोकदार नळी खुपसायची, मधली तूर तळहातावर घ्यायची, मगच बोलायचं. वरचा माल बघून ते कधी बोलले नाहीत. पत्नी उमादेवी वारल्या, मुलगी मंजुषा हैदराबादला. दारात फक्त दूधवाला थांबायचा. मी समोरच राहतो.

मार्चात एका कंपनीचा अमरेश आला. माळावर सोलर पॅनल बसणार, चौदा घरांनी वाटा घ्यायचा, तेवढी वीज ज्याच्या त्याच्या बिलातून वजा होणार. गल्लीनं ठरवलं, अप्पा म्हणतील तसं.

अमरेशच्या कपाळावर भस्म असायचं. "शरणार्थी, अप्पा," असा लिंगायतांचा नमस्कार घालत पाया पडायचा. मग रोजच येऊ लागला. चहा, मोंढ्याच्या गोष्टी. एकदा अप्पांचा चष्माही दुरुस्त करून आणला.

"पोरगा आपल्यातला हाय," अप्पा मला म्हणाले. "सही करावी म्हणतो."

"कागद बघितले का?" एवढं विचारायला मला दोन दिवस लागले.

ते हळूच म्हणाले, "न्हाई म्हणलं तर यायचा बंद होईल ओ."

तरी त्यांनी अमरेशला विचारलं, आधी कुठं बसवलं? त्यानं किल्लारीकडचं गाव सांगितलं, चार जणांचे नंबर दिले. अप्पांनी फोन केला नाही. सकाळच्या एसटीनं स्वतः गेले. यादीतले चौघं एकाच घरचे निघाले. पॅनल त्यांच्याच शेतात होते, भाडं त्यांनाच मिळत होतं. मग अप्पांनी यादीबाहेरचं दार वाजवलं. त्या घरच्या नीलाबाईंनी वर्षाची बिलं पुढं टाकली. वजावट एकातही नव्हती.

"पॅनल झकास हायेत, अप्पा. शेरडं सावलीला बसतात. वीज तेवढी आमच्याकडं आली न्हाई," त्या म्हणाल्या. "आमच्याकडं आलेला बी शरणार्थी म्हणतच आला व्हता."

हे सगळं अप्पांनी मला परतल्यावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी अमरेश आला, तेव्हा मी तिथंच होतो.

"वीज कंपनीचं मंजुरीपत्र दाखव."

"वरच्या हापिसात हाय अप्पा, येईल. माझ्यावर भरवसा न्हाई का?"

"आलं की घेऊन ये," अप्पा एवढंच म्हणाले.

गल्लीत कुणी सही केली नाही. "अप्पांमुळं आपण मागं राहिलो," असं गल्लीतला शिवमूर्ती अजून म्हणतो. पत्र आलं नाही, अमरेशही आला नाही.

अप्पा दुपारी दार उघडं ठेवून बसतात. मी दोनतीनदा चप्पल घातली. परवा त्यांच्या पायरीपर्यंत गेलोही. पण बोलायचं काय, ते सुचेना, म्हणून परत आलो.